लाल डोळ्यांचे अकरा नर

आमच्या वन्सं गेली बावीस वर्षं माश्या मोजतात. "तुमच्या नणंदबाई काय करतात हो?" असं कुणी विचारलं की मी हेच उत्तर देते. समोरचं माणूस आधी हसतं, मग मी हसत नाही हे बघून तोंड मिटतं. माझ्या सासूबाई तर उघडच म्हणतात, "लोकांच्या लेकी माश्या हाकलतात, माझी लेक पाळते. वर त्यातली बाई कोण नि बाप्या कोण ते बघते. चारचौघांत सांगायची सोय नाही."

घरात घोंगावणाऱ्या माश्या नव्हेत या. जास्त पिकलेल्या केळ्याभोवती तिळाएवढ्या भुणभुणतात ना, त्या. शहरातल्या संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्यासाठी एक लांबट खोली आहे. एका भिंतीला गरम कपाटं, दुसऱ्या भिंतीला बाटल्या धुवायची मोरी, आणि खिडकीखाली टेबलावर सूक्ष्मदर्शक. खोलीत शिरलं की आंबूस वास येतो, आंबवलेल्या पिठाचा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला समुद्री शेवाळाची पावडर असं शिजवून वन्सं ते बाटल्यांत ओततात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, घरच्यांपेक्षा माश्यांना जास्त निगुतीनं करता तुम्ही." तर म्हणाल्या, "त्या नावं ठेवत नाहीत, वहिनी."

लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी त्यांचे यजमान गेले आणि त्या एक पेटी घेऊन माहेरी आल्या. शिक्षण शाळेपुरतं. संस्थेत बाटल्या धुवायला बाई हवी होती, तिथे लागल्या. दोन वर्षं मोरीवर हात भिजवले. एक दिवस मोठ्या सरांनी, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुखांनी, गंमत म्हणून विचारलं, "बघायचंय का यातून?" वन्संनी डोळा लावला तो काढेचनात. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सर, याच्या पुढच्या पायाला बारीकशी फणी आहे. हिच्या पायाला नाही." सर म्हणाले, "तो नर, ती मादी. शिकलेल्या पोरांना हे दिसायला आठवडा लागतो, बाई." दुसऱ्या दिवशी त्यांना टेबलापाशी स्टूल मिळालं. पुढचं सगळं आयुष्य त्या स्टुलावर गेलं म्हणा ना.

काम काय, तर गॅसनं माश्या गुंगवायच्या, पांढऱ्या पाटीवर ओतायच्या आणि रंगकामाच्या बारीक ब्रशानं निवडायच्या. नर इकडे, मादी तिकडे. मादी अंगानं मोठी, शेपटाकडे टोकदार, पट्ट्यापट्ट्यांची. नर लहान, त्याचं शेपूट गोल नि काळं. सकाळी लवकर जाऊन नुकत्याच बाहेर आलेल्या माद्या वेगळ्या काढायच्या, नराचा वारा लागायच्या आत. त्यांना वन्सं "कुवार माद्या" म्हणतात. दिवसाला दीडदोन हजार माश्या हाताखालून जातात. आणि एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बाटलीत आईबाप घातले की आठव्या दिवशी त्यांना बाहेर काढायचं. कारण दहाव्या दिवशी पोरं बाहेर पडायला लागतात, आणि आईबाप आतच राहिले तर तेही पोरांत मोजले जातात. मग सगळा हिशेब पाण्यात.

त्याच गोष्टीवरून मागच्या वर्षी आमच्याकडे माशी शिंकली.

माझ्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. आमच्या यांना रक्त बघितलं की घेरी येते, म्हणून इस्पितळात माझ्याजवळ वन्सं राहिल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी केस बांधले, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मी तासाभरात येते गं. बापांना बाहेर काढून येते." शेजारच्या खाटेवरची बाई उठूनच बसली. "कुणाच्या बापांना हो?" मला हसू आलं तर टाके ओढले. वन्सं गेल्या आणि खरंच तासाभरात परत आल्या, अंगाला तो आंबूस वास घेऊन.

चार दिवसांनी त्यांनी ती बाटली मोजली. आता हे जरा नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला वन्संनी जेवणाच्या टेबलावर बटणं मांडून शिकवलं होतं, तसंच सांगते.

मादीच्या अंगात एक्स नावाच्या दोन दोऱ्या असतात. नराच्या अंगात एक्स एकच, आणि जोडीला वाय. डोळ्यांचा रंग लिहिलेला असतो एक्सवर. आई प्रत्येक पोराला एक एक्स देते. बाप लेकींना आपला एक्स देतो आणि लेकांना वाय. त्यामुळे आई पांढऱ्या डोळ्यांची आणि बाप लाल डोळ्यांचा घेतला, तर सगळ्या लेकी बापासारख्या लाल आणि सगळे लेक आईसारखे पांढरे. लेकी बापाच्या वळणावर, लेक आईच्या. यात फरक नाही. हजार-दोन हजारांत एखादाच नग वाकडा निघतो, तो सोडायचा.

त्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांच्या दहा आया आणि लाल डोळ्यांचे दहा बाप घातले होते. मोजल्यावर निघाले काय, तर लाल डोळ्यांच्या लेकी, पांढऱ्या डोळ्यांचे लेक, आणि वर लाल डोळ्यांचे नऊ नर.

प्रयोग धाकट्या मॅडमचा होता. बाहेर शिकून आलेल्या, हुशार, पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या. कमी खाऊन लेकी जास्त जगतात की लेक, असं काहीतरी त्या तीन वर्षं मोजत होत्या आणि दर वेळी लेकी थोड्या कमीच भरत होत्या. त्यामुळे आधीच वैतागलेल्या. त्यांनी पाटीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "बाप काढायला विसरलात."

"नाही हो मॅडम. दहा घातले, दहा काढले. मोजून काढले."

"मग हे नऊ कोण? आभाळातून पडले?"

"ते मला माहीत नाही. पण हे बाप नाहीत. बाप बारा दिवसांच्या वरचे झाले असते, पंखांच्या कडा विरल्या असत्या. हे कोवळे आहेत. आणि अंगानं बघा, माद्यांएवढे आहेत."

"मावशी, तुमच्या घरी आजारपण होतं, मला माहीत आहे. चूक कुणाकडूनही होते. पण चूक झाली की झाली म्हणावं."

काढलेले दहा बाप दाखवायचे कुठून? ते स्पिरिटच्या बरणीत, हजारो मेलेल्या माश्यांत मिसळलेले. त्या महिनाअखेरीला त्यांच्या नोकरीचं वर्षाचं पत्र नवं व्हायचं होतं. धाकट्या मॅडमनी मोठ्या सरांना लिहून दिलं की या बाईंची नजर आता कमी झाली आहे, यांना निवडण्यावरून काढून पुन्हा धुण्याकडे द्यावं. निकाल लागेपर्यंत वन्संनी मोरीवरच थांबावं असं ठरलं. म्हणजे एकवीस वर्षं टेबलावर काढून जिथून सुरुवात केली तिथेच.

घरी येऊन त्यांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. आमचे हे तावातावानं म्हणाले, "सोडून दे ती नोकरी! लोक हसतात नाहीतरी, बहीण माश्या मारते म्हणून." वन्संनी मानही वर केली नाही. "मारत नाही रे. मोजते."

मी मात्र चुकले. मला वाटलं, माझ्या आजारपणापायीच झालं असणार. घाईघाईत आल्या-गेल्या, राहिला असेल एखादा बाप आत. मी हळूच म्हटलं, "वन्सं, झालं असेल हो चुकून. माफी मागून टाका. दोन शब्दांनी काय जातं?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वहिनी, तूसुद्धा?" एवढंच म्हणाल्या. मग शेंग खाली ठेवून, "माफी मागितली तर दोन शब्द जातील आणि स्टूल जाईल. मी त्या दिवशी दहा मोजले. तुझ्यासाठी जीव टांगणीला होता म्हणून दोनदा मोजले."

मला इतकी लाज वाटली. सकाळी देवापुढे उभी राहिले तेव्हा मागणंही सुचेना. एवढंच म्हटलं, तुझी करणी तुलाच ठाऊक, पण त्या खोटं बोलत नाहीत हे मला आधी कळायला हवं होतं.

आणि वन्सं काय करत होत्या? त्यांनी ते नऊ नर टाकलेच नव्हते. मोरीवर जायच्या आधी एकेकाला वेगळं घर दिलं होतं. नऊ नळ्या, प्रत्येक नळीत एक लाल डोळ्यांचा नर आणि तीन कुवार माद्या. बाटल्या धुता धुता सकाळ-दुपार जाऊन बघायच्या. माशीचं पोर म्हणजे आधी अळी, चारपाच दिवसांत खाण्यात वळवळायला लागते. आठवडा गेला. नऊच्या नऊ नळ्यांत खाणं जसंच्या तसं, गुळगुळीत. एक अळी नाही.

तेव्हा त्या नळ्यांचा ट्रे उचलून वन्सं थेट मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. धाकट्या मॅडम तिथेच बसल्या होत्या. पुढचं संभाषण वन्संनी आम्हाला हुबेहूब नकलेसकट सांगितलं.

"सर, हे बाप आहेत असं मॅडम म्हणतात. त्या बाटलीतून तीनशेच्या वर पोरं निघाली. आणि या नवांना मिळून एकही पोर होत नाही. ज्यांना पोर होत नाही ते बाप कसे?"

सर खुर्चीत सरसावून बसले. धाकट्या मॅडम म्हणाल्या, "गॅस जास्त दिला असेल. त्यानंही नर निकामी होतात."

"एकवीस वर्षांत कधी झाले नाहीत."

"सर, अशानं प्रयोग होत नसतात. नळ्या यांच्याच, मोजणीही यांचीच."

"मग तुमच्या हातानं करा," वन्सं म्हणाल्या. "बारा नळ्या लावा. एका नळीत एक आई, एक बाप. आठव्या दिवशी बाप तुम्हीच काढा, आईपण तुम्हीच काढा. बोळा लावून वर सही करा. मी हात लावणार नाही. पोरं निघाली की सगळ्यांसमोर मोजा."

"आणि काहीच नाही निघालं तर?" मॅडमनी विचारलं.

"तर मोरी आहेच की. ती कुठे पळून जाते?"

मोठे सर हसले म्हणे. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "ठरलं. याच्यावरच ठरेल."

ते दोन आठवडे आमच्या घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. वन्सं रोज जात, बाटल्या घासत, येत. सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अगं, काय त्या माश्यांच्या बाप्यांच्या मागे लागलीस? माणसातले कमी होते का?" वन्सं इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसल्या. "आई, माणसातल्यांची पाटीवर ओतून निवड करता येत नाही ना!"

मोजणीच्या दिवशी माझ्यानं घरी बसवेना. मीही गेले. मोठ्या सरांनी दाराजवळ खुर्ची दिली. खोलीत आणखी चारपाच जण गोळा झालेले. वन्सं मोरीपाशी, हाताला साबणाचा फेस तसाच. धाकट्या मॅडमनी प्रत्येक नळीवरची आपली सही आधी सरांना दाखवली. काढलेले बारा बाप त्यांनी बारा छोट्या डब्यांत नंबर घालून ठेवले होते, तेही दाखवले. बाई चोख होती हो, वाईट नव्हती. मग स्टुलावर बसल्या. वन्संच्या स्टुलावर.

पहिली नळी. "लाल माद्या चाळीस, पांढरे नर अडतीस. लाल नर शून्य." दुसरी नळी, शून्य. तिसरी, शून्य. मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "संपलं." मी वन्संकडे बघितलं. त्या फेस लावलेली बाटली शांतपणे विसळत होत्या.

चौथी नळी. मॅडम मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. पुन्हा थांबल्या.

"काय निघालं?" सरांनी विचारलं.

"पांढरे नर त्रेचाळीस. लाल माद्या चौतीस." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "लाल नर अकरा."

आणि मग मोरीपाशी पाण्याचा नळ बंद झाला आणि वन्संचा आवाज आला.

"मॅडम, नळीत बाप एकच घातला होता ना?"

"एकच."

"आणि तोही तुम्हीच काढला?"

"मीच काढला. हा काय डबीत."

"मग हे अकरा कोण? आभाळातून पडले?"

आधी मोठे सर हसले, मग सगळी खोली हसली, आणि काय सांगू, धाकट्या मॅडमही हसल्या, कानापर्यंत लाल होऊन. मी मात्र रडत होते. टाक्यांच्या जागी हात दाबून रडत होते.

सरांनी डोळा लावून बघितलं. "अंगानं माद्यांएवढे," ते म्हणाले. "हे मूळच्या लेकीच आहेत. बापाचा एक्स घेतलेल्या, दोन एक्सच्या लेकी. वळण मात्र नराचं."

मला समजावं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून सोपं करून सांगितलं. माशीत नर व्हायचं ते वायमुळे ठरत नाही, ते माणसात. माशीच्या पेशी एक्स किती आहेत ते बघतात. दोन असले तर आतून निरोप निघतो, 'मादी हो.' तो निरोप एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात जातो. त्यातला एखादा निरोप्या मुका निघाला तर निरोप खाली पोचतच नाही, आणि निरोप नसला की शरीर आपलं नराच्या वाटेनं जातं. फणी येते, शेपूट काळं होतं. पण पोटी पोर होत नाही. असा मुका निरोप्या आईकडूनही यावा लागतो आणि बापाकडूनही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. मॅडमच्या माश्या सगळ्या एकाच घराण्यातल्या, पांढऱ्या डोळ्यांच्याही त्याच घराण्यात मिसळून घेतलेल्या. तिथे तो आपोआप शिरून बसला होता.

"जगाला ही गोष्ट फार वर्षांपूर्वी माहीत झाली आहे," सर म्हणाले. "पण आपल्या कपाटात ती आहे हे आपल्यापैकी कुणालाच दिसलं नाही. जिथे आई आणि बाप दोघांकडेही मुका निरोप्या, तिथे दर चार लेकींतली एक नर म्हणून मोजली जात होती. तीन वर्षं लेकी कमी का भरत होत्या, कळलं का?"

धाकट्या मॅडम एकदम उठल्या. तीन वर्षांचं कोडं समोर सुटलेलं. सगळ्यांचे डोळे लाल असताना ते कुणाला दिसण्यासारखंच नव्हतं, यंदा पांढरे डोळे आले म्हणून उघडं पडलं. त्या वन्संसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, चूक माझी झाली. झाली की झाली म्हणावं, असं मीच म्हटलं होतं."

"म्हटलंत ना? मग झालं," वन्सं म्हणाल्या.

"आणि ते पत्र?" मी दारातूनच विचारलं. मला धीर कुठला! सरांनी खिशातून पेन काढलं, मॅडमचा अर्ज मागवला आणि माझ्यादेखत त्यावर आडवी रेघ मारली. "यांना टेबलावरून उठवायचं असेल तर आधी मला उठवा," म्हणाले. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. या खेपेला मागणं सुचलं नाही याचं दुःख नव्हतं, मागायला काही उरलंच नव्हतं.

घरी हे कळल्यावर सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मुलगी जन्माला यायची ती मुलगा होऊन आली?" "हो आई." "आणि त्याला पोरं व्हायची नाहीत?" "नाही." "मग एवढा खटाटोप करून त्या मेल्याला मिळालं काय?" याचं उत्तर मोठ्या सरांनाही देता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारणीला कठड्यावरून हाक मारून सांगितलं, "आमच्या लेकीनं शिकलेल्यांना नर-मादी ओळखायला शिकवलं बरं का!" चारचौघांत सांगायची सोय झाली एकदाची. वर्षभरानं धाकट्या मॅडमचा लेख छापून आला, त्यात लेख लिहिणाऱ्यांच्या ओळीत वन्संचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. आमच्या यांनी ते पान खिशात घालून फिरवून फिरवून पार चुरगाळलं.

पण मला आठवतो तो मोजणीचा दिवसच. सगळे बोलत होते, हसत होते, आणि टेबलावर अजून आठ नळ्या मोजायच्या राहिल्या होत्या. मॅडमनी पाचवी नळी उचलली, पण दोनदा मोजून दोन वेगळे आकडे आले. वन्संनी हात धुतले, साडीच्या पदराला पुसले, आणि टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "सरका जरा, मॅडम."

मॅडम सरकल्या. वन्सं आपल्या स्टुलावर बसल्या, चष्मा कपाळावर चढवला, ब्रश घेतला आणि मान खाली घातली. "लिहून घ्या," म्हणाल्या. आणि ज्या मॅडमनी त्यांची नजर गेली असं लिहून दिलं होतं, त्या वही घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि वन्सं सांगतील तो आकडा मुकाट्यानं लिहायला लागल्या.